वाटी बुडेपर्यंत

माझ्या कादंबरीतल्या लोकांना पहिल्या खर्ड्यात बारा देव होते. पावसाचा एक, आगीचा एक, मरणाचा एक, असे वहीत रकाने पाडून मी ते भरले होते. प्रत्येकाचा रंग, वाहन, सण, नैवेद्य सगळं ठरलेलं. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब लिहितो, त्यामुळे तक्ते करायची सवय हाताला आहे. दीड वर्ष त्या वहीवर घालवलं आणि मग एका मित्राला वाचायला दिली. तो शाळेत मास्तर आहे, वाचणारा आहे. आठ दिवसांनी म्हणाला, "सगळं छान आहे रे, पण तुझ्या लोकांचा देव त्यांच्याकडून काही मागतच नाही. कुणी उपाशी राहत नाही, कुणाचं कुणाशी वाजत नाही."

ते मला फार लागलं, कारण खरं होतं.

त्या जानेवारीत मी गड्ड्याची यात्रा, म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, सिद्धरामेश्वरांची यात्रा, पहिल्यांदा वही घेऊन पाहिली. लहानपणापासून बघत आलोय, पण बघणं आणि टिपणं यात फरक पडतो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, ही यात्रेमागची कथा सोलापुरात पोरासोरांनाही ठाऊक असते. 12 तारखेला तैलाभिषेक, 13 ला संमती कट्ट्यावर या लग्नाच्या अक्षता, 14 ला होम, 15 ला शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज निघतात. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्या उंच काठ्या कमरेवर तोलत शहरातल्या अडुसष्ट शिवलिंगांना जातात. मी वहीत कथा लिहायला बसलो आणि लक्षात आलं, गर्दीत कुणीही कथेबद्दल बोलतच नाहीये. बोलणं चाललं होतं ते मानाचं. कुठली काठी कुठल्या समाजाकडे, पुढे कोण, मागे कोण, यंदा सरावाला कोण आलं नाही, कुणाच्या आजोबांनी कुठली काठी धरली होती.

आणि अक्षतांच्या वेळी ते "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम". हजारो लोक एका सुरात म्हणतात. मी शेजारच्या चार जणांना अर्थ विचारला. एकाला कन्नड येत होतं, त्याने काहीतरी सांगितलं. बाकीचे तिघं नुसते हसले, पण म्हणताना आवाज त्यांचाच मोठा होता. तैलाभिषेकाला आपण मराठी बोलणारेसुद्धा 'यण्णीमज्जन' म्हणतो. शब्द कन्नड, ओठ मराठी, आणि कुणाला त्यात परकं काही वाटत नाही. माझ्या बारा देवांचे सगळे शब्द मात्र एकाच भाषेतले, एकाच दिवशी घडवलेले, नवे कोरे होते.

होमाच्या रात्रीची भाकणूकही मी टिपून घेतली. दिवसभर उपाशी ठेवलेलं वासरू आणतात, त्याच्यापुढे धान्य आणि खाणं ठेवतात. ते कशाला तोंड लावतं, मुततं का, बुजतं का, यावरून वर्षाच्या पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात. पर्जन्यछायेतल्या जिल्ह्यात लोक कान टवकारून नेमकं काय ऐकतात, ते तिथे उभं राहिलं की कळतं.

शेजारच्या अव्वांकडेही मी बरेच दिवस बसलो. त्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातल्या, घरात तेलुगू. अख्खं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेल्यामुळे अजून मोठ्याने बोलतात. मार्कंडेय महामुनींच्या वंशातल्या भावनाऋषींनी कमळाच्या देठातल्या तंतूपासून देवांसाठी पहिलं वस्त्र विणलं, ही त्यांची कथा. सांगताना त्यांची दोन बोटं आपोआप एकमेकांवर फिरत होती, तुटलेला धागा मळून सांधतात तशी. हातात धागा नव्हता. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारलं तर कथेत वाघ आला, तो पहिल्यांदा नव्हता. मी म्हटलं, "अव्वा, मग खरं कुठलं गं?"

"दोन्ही," त्या म्हणाल्या. "तुला एकच पाहिजे होतं का?"

बारा देवांची वही मी त्या रात्री कपाटावर टाकली.

नवी सुरुवात मी देवापासून केली नाही, पाण्यापासून केली. त्याला कारण आमच्या घरातच होतं. आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, दिवसाआड म्हणायचीही सोय नाही, चार-पाच दिवसांनी येतं. पाण्याच्या दिवशी आई पाहुण्यांना बोलावत नाही, बाहेरगावी जात नाही, पिंप भरायचा क्रम कुणाला बदलू देत नाही. मोटार सुरू करण्याआधी तिच्यावर हात ठेवून डोळे मिटते. हे तिला कुणी शिकवलं नाही. एवढं सगळं धर्माच्या इतक्या जवळ होतं आणि मी वहीत मरणाच्या देवाचं वाहन शोधत बसलो होतो.

तर माझे लोक एका कोरड्या पठारावर राहतात. एकच तळं, तळ्यातून एक पाट, पाटावर वरची शेतं आणि खालची शेतं. पाट सूर्योदयाला उघडतो, सूर्यास्ताला बंद होतो. ज्याची त्याची पाण्याची पाळी मोजायची कशी? आपल्याकडे घटिकापात्र होतं: बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका झाली, म्हणजे 24 मिनिटं. लग्नाचा मुहूर्तही त्यावर धरत. आपण अजून 'घटका भरली' म्हणतो आणि वाटी पाहिलेली नसते.

मी ती करूनच बघायचं ठरवलं. तांब्याची पातळ वाटी घेतली, भांड्यांना डाग देणाऱ्या कारागिराकडून भोक पाडून घेतलं आणि गच्चीवर बादलीत सोडली. सात मिनिटांत बुडाली. भोक मोठं झालं होतं. मग मेणाने बुजवून सुईने टोचलं. असं पाच-सहा वेळा केल्यावर चोवीस मिनिटांच्या जवळपास आलो.

या गच्चीवरच्या बादलीने मला जे दिलं, ते कुठल्याही वाचनातून मिळालं नसतं. वाटी बुडण्याआधी एक क्षण असा येतो की काठ पाण्याच्या बरोबरीला येतो आणि पाणी आत यायचं थांबल्यासारखं वाटतं. मग 'बुळुक' असा एक आवाज येतो आणि ती जाते. त्या क्षणी मी दर वेळी श्वास धरत होतो. माझे लोकही धरतात. पाटावरची सगळी माणसं, भांडणारी, खुरपणारी, पोराला पाजणारी, वाटी जाताना श्वास धरतात, आणि तीच त्यांची प्रार्थना. शब्द नाहीत. लहान मूल पहिल्यांदा स्वतःहून श्वास धरतं, तो त्याचा संस्कार. माणूस गेला तर म्हणतात, "त्याची वाटी बुडाली." शपथ घेतात ती बुडत्या वाटीची.

दोन महिने झाले तशी वाटी मंदावली. चोवीसची सत्तावीस मिनिटं झाली. बोअरच्या पाण्यातले क्षार भोकाला धरले होते. मी कागद घेऊन गच्चीवरच बसलो, कारण पुढची सगळी गोष्ट त्या पांढऱ्या कडेत होती. वाटी मंदावली की प्रत्येक पाळी लांबते. वरच्या शेतांच्या पाळ्या आधी, म्हणजे त्यांना जास्त पाणी. खालच्यांची शेवटची पाळी येईपर्यंत सूर्य मावळतो आणि पाट बंद होतो. मग वाटी धुवायची कुणी? ज्याचं नुकसान होतं त्याने. म्हणून वर्षातून एकदा खालच्या शेतांच्या बायका चिंच घेऊन वर चढतात आणि वाटी घासतात. तो त्यांचा मान. आदल्या दिवशी त्या उपास करतात आणि चिंचेला तोंड लावत नाहीत. वरची माणसं त्यांना ओसरीवर बसवतात, खाऊ घालतात, पण मनातून त्यांना ते आवडत नाही. जुन्या काळी कुणीतरी भोकात मेण घातलं होतं असं खालचे म्हणतात, वरच्यांच्या कथेत ते मेण देवानेच दिलं. दोन्ही कथा मी कादंबरीत तशाच ठेवल्या आहेत, निवाडा न करता. अव्वांमुळे ते जमलं.

पठारावरून शहरात गेलेल्या लोकांना पाळी मोजायची गरज उरली नाही. त्यांच्या देवळातली वाटी सोन्याची आहे आणि तिला भोकच नाही. तरी दरवर्षी तिला चिंच लावतात, आणि लावायला खालच्या गावातली एक म्हातारी बोलावून आणतात. का, ते शहरात कुणाला सांगता येत नाही. हे प्रकरण लिहिताना माझ्या कानात संमती कट्ट्यावरचा आवाज होता.

देवाला नाव द्यायचा मोह मला अनेकदा झाला. दिलं नाही. ते लोक 'ती' म्हणतात, आणि ती म्हणजे वाटी, तळं की अजून कुणी, यावर त्यांच्यात एकमत नाही. नावं मी फक्त माणसांची आणि शेतांची केली. ती आई, अव्वा आणि पुतण्या अशा तिघांकडून वेगवेगळी म्हणून घेतली. म्हणताना जे अक्षर गळलं ते गळू दिलं.

गेल्या महिन्यात नवा खर्डा त्याच मित्राला दिला. रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. दुष्काळाच्या वर्षी वरच्यांनी बायकांना ओसरीवरूनच परत पाठवलं, तिथपर्यंत तो आला होता.

"हे काही बरोबर नाही केलं त्यांनी," तो म्हणाला. आवाजात खरा राग होता. "मग बायकांनी काय केलं?"

मी अजून ते लिहिलेलं नाही. वाटी गच्चीवर बादलीतच आहे, आणि उद्या नळाला पाणी येणार आहे.