डाळीतली पिवळी गोळी

हरभऱ्याची डाळ निवडत होते. चष्मा आतल्या खोलीत राहिला होता. एक दाणा बोटाला जरा जास्तच गोल लागला, तरी ढकलला पुढे. दुसरा लागला तेव्हा उचलून उजेडात धरला. गोळी होती, फॉलिक ॲसिडची. रंग डाळीचाच. डबा उपडा केला तर एकूण अकरा निघाल्या.

पुतणी पहिलटकरीण. तिसरा महिना, माहेरी आलेली. चेहरा धुतल्या तांदळासारखा, दोन्ही अर्थांनी.

"आत्या, त्या गोळीनं मळमळतं गं."

मळमळ गोळीची नाही, दिवसांचीच, हे मी सांगेपर्यंत आतून आई बोललीच, "आमले कोनी दिन्ह्यात गोया? तरी सात व्हयनात ना!" सातातले चारच राहिलो, हे आई बोलत नाही. मीही काढत नाही.

शहाद्यात लॅबमध्ये बावीस वर्षं रक्त काढतेय. समोर बसणारी बाई एकच सांगते, 'आंगमा रगत नही.' पण ते कमी असण्याच्याही तऱ्हा आहेत. लोह कमी असेल तर तांबड्या पेशी बारक्या आणि फिक्या दिसतात. फोलेट, म्हणजे या गोळीतलं फॉलिक ॲसिड ज्याचं रूप ते जीवनसत्त्व, कमी असेल तर उलटंच, पेशी मोठ्या होतात. पेशीला दोन व्हायचं तर आधी डीएनएची नक्कल करावी लागते आणि तिथे फोलेट लागतं. ते नसलं की पेशी नुसती वाढत राहते, विभागणीचा मुहूर्त काही निघत नाही. पांढऱ्या पेशींतही खूण सापडते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाला एरवी तीन-चार पाळ्या, इथे सहा-सहा, लसणाच्या गड्डीसारख्या. धुळ्याला शिकत असताना पहिल्यांदा ती गड्डी दिसली तेव्हा मला वाटलं, स्लाइडला दिलेला आपला रंगच बिघडला. दोनदा नवी स्लाइड केली. सर हसले आणि म्हणाले, "स्लाइड नीट आहे, बाई नीट नाही."

मोठ्या पेशींच्या या आजाराचं कोडं लंडनच्या डॉ. लुसी विल्स यांनी आपल्या मुंबईत सोडवलं. 1928 साली त्या परळच्या हाफकिन संशोधन संस्थेत आल्या. गिरणगावातल्या आणि इतर गरीब गरोदर बाया अशाच फिक्या पडून मरत होत्या. विल्सबाईंनी रक्त तपासलंच, पण या बाया खातात काय, हेही खोदून पाहिलं. ए आणि सी जीवनसत्त्व देऊन पाहिलं, गुण नाही. यकृताचा शुद्ध अर्क दुसऱ्या एका रक्तक्षयावर रामबाण होता, तोही इथे चालेना. या बायांसारखाच आहार देऊन आजारी पाडलेल्या माकडाला मार्माइट दिलं आणि ते सुधारलं. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा अर्क. स्वस्त. बायांना दिलं, त्याही उठून बसल्या. 1931 साली त्यांनी हे छापलं. आमच्या माळकरी आईला तिच्या बाळंतपणात कुणी ते चाटायला दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी हसू दाबूनच करते.

मार्माइटमध्ये नेमकं काय होतं ते पुढे कळलं. 1941 साली अमेरिकेत चार टन पालकातून ते वेगळं काढलं. लॅटिनमध्ये फोलियम म्हणजे पान, म्हणून फॉलिक. 1945 मध्ये ते प्रयोगशाळेत बनवणाऱ्या लेडरले या औषध कंपनीच्या चमूचे प्रमुख होते आंध्रातले यल्लाप्रगड सुब्बाराव. इतकं पालेभाजीतलं, तर आम्हाला कमी का पडावं? आम्ही अंबाडी उकडतो, पिळतो आणि हिरवं पाणी मोरीत ओततो. बरंचसं फोलेट उष्णतेनं मरतं, उरलेल्यातलंही पाण्याबरोबर जातं. त्यातल्या त्यात कळण्याच्या भाकरीतला उडीद थोडी लाज राखतो.

धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या सिकलसेलच्या, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या, पोरांना मात्र ही गोळी रोज लागते. साधी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस टिकते, त्यांची दहा-वीस दिवसांत फुटते. अस्थिमज्जेला उसंतच नाही, सारखं नवं घडवायचं. तिथली एक दहा वर्षांची पोरगी मला तिच्या पाकिटातल्या गोळ्या मोजून दाखवते. एकही डाळीत टाकत नाही.

पुतणीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, बाळाचा मेंदू आणि मणका पहिल्या महिन्यातच घडायला लागतो, पण रक्तासाठी गोळी अजूनही लागते. गोळ्यांची नवी पट्टी तिच्या हातात दिली. मग चष्मा लावून डाळ पुन्हा ताटात ओतली. बारावी निघाली.