नळ आला!

ऑपरेशन झालं, पण गळ्यावर टाका नाही की पट्टी नाही. त्यामुळं भेटायला येणाऱ्यांचं समाधानच होईना. तोंडातूनच नळी घालून स्वरतंतूवरचा पॉलिप, म्हणजे छोटीशी गाठ, काढतात, हे बायको प्रत्येकाला नव्यानं सांगायची. तरी आलेला माणूस माझ्या गळ्याकडं संशयानं बघत विचारायचा, "मग सर बोलंनात का?"

सात दिवस मौन, म्हणून. मी लातुरात क्लासला फिजिक्स शिकवतो. वर्गात माईक आहे. पण शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारं पोरगं माईकनं उठत नाही, असं माझं बावीस वर्षांचं मत. आवाज घोगरा होत खाली उतरला तेव्हा कारण पोरांनीच सांगितलं : "सर, तारेचं वस्तुमान वाढलं की वारंवारता कमी होते." आपलंच शिकवलेलं असं अंगावर येतं.

पडल्या पडल्या हिशेब केला. पुरुष बोलतो तेव्हा त्याचे स्वरतंतू सेकंदाला साधारण १२० वेळा एकमेकांवर आदळतात. तीन तासांच्या शिकवणीत निम्मा वेळ जरी आवाज चालू धरला, तरी साडेसहा लाखांच्या आसपास टकरा. दीड-दोन सेंटीमीटरचा जीव तो!

डॉक्टरांनी कुजबुजही बंद केली होती. मला वाटायचं, हळू बोललं तर काय बिघडतं? पण कुजबुजताना गळा उलट आवळला जातो म्हणे. पाणी भरपूर, तिखट बेतानं. आणि खाकरायचं नाही. हे सगळ्यांत अवघड. आमच्याकडं पुरुष माणूस घरात शिरताना आधी उंबऱ्यापाशी खाकरतो. आत कळावं, कुणीतरी आलंय. मी आठवडाभर स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरत होतो. दोनदा बायको दचकली.

पोरीची जुनी पाटी काढली. लिहायला लागल्यावर कळलं, आपलं बरंचसं बोलणं लिहिण्याच्या लायकीचं नसतं. "अरे, तो पंखा कशाला चालू ठेवलाय" हे लिहीपर्यंत रागच निघून जायचा. लोकांचं मात्र नवलच. मी गप्प, तर तेही कानाशी येऊन कुजबुजायचे. नाहीतर मी बहिरा असल्यासारखं ओरडायचे.

मायला वाचता येत नाही. तिच्यापुढं पाटी कोरीच. मग हातवारे. दोन दिवसांत तीही हातानंच बोलायला लागली. मला ऐकू येतंय हे तिला कोण सांगणार? भाकरी वाढू का, तर दोन्ही तळवे एकमेकांवर थापायची.

सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला नळ आला. लातूरचं पाणी कसं येतं ते वेगळं सांगायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं गाव हे. आमच्या गल्लीत आठवड्यानं नळ येतो आणि तो आला की ज्याला आधी कळेल त्यानं ओरडायचं, हा अलिखित कायदा. मी एकटा जागा. मोटारीची पिन लावली, हौदात पाइप सोडला, पण गल्ली झोपलेली. ओरडावं तर गळ्याचे पैसे वाया, न ओरडावं तर वर्षभराची बोलणी. शेवटी परात घेतली आणि दारात उभं राहून उलथण्यानं बडवली. पहिल्यांदा समोरचे काका बाहेर आले. काठी घेऊन. मी नळाकडं बोट केलं. काठी टाकून ते घागर आणायला पळाले.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी आवाज सोडला, पण नळासारखाच. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, तीही तुकड्या-तुकड्यांनी. मग रोज थोडी थोडी वाढ. घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. पहिलं वाक्य काय बोलायचं याचा वाटेत बराच विचार केला. बावीस वर्षं बोलून पोट भरणारा माणूस, काहीतरी बरं सुचायला हवं होतं.

माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"माय, जेवलीस का?"

आवाज पातळ निघाला, दुसऱ्याच कुणाचा वाटला. मायनं वर बघितलं, हसली, आणि पाची बोटं जुळवून तोंडापाशी नेत मान हलवली.

जेवली होती.