ब्लॉक द्या हो भाऊ!

आजारानं दमवलं नसेल एवढं मला त्या लॅबनं दमवलं.

पाळी जाऊन काही वर्षं झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं. सोनोग्राफीत पिशवीचं अस्तर 14 मिमी निघालं (पाळी गेल्यावर साधारण 4 च्या आत असावं), क्युरेटिंग झालं (अस्तर खरवडून तुकडा काढतात ते), तुकडा लॅबमध्ये गेला, रिपोर्ट कॅन्सरचा आला. नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पिशवी काढायचीच आहे, पण तुमची तीन महिन्यांची साखर 11, वजन शंभरीला टेकलेलं. भूल देणं धोक्याचं. तोवर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हार्मोन देऊन रोग थोपवू. मात्र हे ग्रेड 1 चा (म्हणजे संथ वाढणारा) आणि पिशवीच्या आतच असलेला रोग असेल तरच करू. एमआरआय ठीक होता. रिपोर्टवर ग्रेडच लिहिलेली नव्हती. ‘स्लाइड आणि ब्लॉक आणा, आमच्याकडे पुन्हा तपासू.’

स्लाइड म्हणजे काचपट्टीवरचा तुकड्याचा पातळ काप. ब्लॉक म्हणजे आपला तुकडा मेणात बसवलेला, बोटाच्या पेराएवढा ठोकळा. मागे प्लॅस्टिकची जाळी, कडेला पेन्सिलनं लिहिलेला नंबर.

लॅबच्या काउंटरवरचा पोरगा म्हणे, “रिपोर्ट देल्ला नं ताई, आता काय?” मग सर नाहीत. मग पावती आणा. पावती दवाखान्याच्या नावावर, आणि दवाखाना म्हणतो लॅबला विचारा. यवतमाळकडचं मे महिन्यातलं ऊन, एसटीत बसायला जागा नाही. शेवटी स्लाइड दिल्या, ‘ब्लॉक आम्ही देत नसतो.’ नागपूरला म्हणाले, हार्मोनला दाद देणाऱ्या पेशी आहेत का बघायला ब्लॉकच लागेल. परत तिथंच. यावेळी नागपूरच्या लेटरहेडवर पत्र नेलं: माझं नाव, लॅबचा नंबर, सही, शिक्का. पोरानं रजिस्टरवर सही घेतली आणि पाठीमागचा ड्रॉवर ओढला. तिथंच होता! इतके दिवस त्याच्या पाठीशी. संतापानं माझा हात थरथरत होता.

तर पत्र पहिल्याच दिवशी मागून घ्या. आणि ब्लॉक मोटरसायकलच्या डिक्कीत ठेवू नका, मेण आहे ते. मी डब्याच्या पिशवीत नेला.

ग्रेड 1 निघाली. मेजेस्ट्रॉल या हार्मोनच्या गोळ्यांनी भूक आणि साखर वाढते, म्हणून मला पिशवीतच हार्मोनचं साधन बसवलं, तांबीसारखं दिसतं. सासूबाई म्हणाल्या, “या वयात तांबी कायले वो?” काय सांगणार! गोळ्या चालू असतील आणि एकाच पायाला सूज आली तर मात्र वाट पाहू नका, रक्ताची गाठ असू शकते. तडक दवाखाना गाठा.

तीन महिन्यांनी पुन्हा तुकडा काढला. रोग मागे हटलाय, साखरही साडेसातवर आली. भाकरी मोजून आणि पहाटे पांदणीनं चालून आणली आहे ती, फुकट नाही आली. ऑपरेशनची तारीख मिळाली.

हो, एक राहिलंच. जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का ते आधीच बघा, आणि आपला उपचार यादीत बसतो का हे आरोग्यमित्राला (दवाखान्यातला योजनेचा मदतनीस) भरती व्हायच्या आधी विचारा.