आजोबांना हवी असलेली १४ पुस्तकं

पुण्यातल्या एका प्रकाशनगृहाची वर्डप्रेस (वेबसाइट बनवायची प्रणाली) साइट आम्ही सांभाळतो. शनिवारी दुपारी तिथल्या बाईंचा फोन आला. "अगं, मेनूत बालसाहित्यापुढे ४० लिहिलंय, उघडलं की २६च दिसतात. एक आजोबा दुकानात आलेत, नातीसाठी उरलेली १४ मागतायत."

आधी पुस्तकं मोजली. २६ बरोबर होती. मग पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये (डेटाबेस पाहायच्या साधनात) टर्म टॅक्सॉनॉमीचं, म्हणजे विषयांच्या नोंदींचं, टेबल उघडलं, तर काउंटच्या रकान्यात सरळ ४०. 'विषय' ही टॅक्सॉनॉमी, म्हणजे वर्गवारी, पुस्तकांना जोडलेली होती, तशीच परीक्षणांनाही. वर्डप्रेस त्या रकान्यात दोन्ही पोस्ट टाइपच्या (मजकुराच्या प्रकारांच्या) प्रकाशित नोंदी एकत्र धरतं. २६ पुस्तकं, १४ परीक्षणं. आजोबा मागत होते ती परीक्षणं होती.

आमच्याकडच्या नव्या मुलाने लगेच लूप लिहिला. एकेका विषयासाठी वेगळी डब्ल्यूपी क्वेरी (डेटाबेसकडे वर्डप्रेसची मागणी), सगळी पुस्तकं मागवायची आणि मोजायची. आकडे बरोबर आले, पण मेनूत साठेक विषय, म्हणजे पान उघडलं की तितक्या वेळा डेटाबेसची फेरी. शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट्सनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर, हे मला मान्य नव्हतं. टर्म रिलेशनशिप्सचं (कुठली नोंद कुठल्या विषयात ते सांगणारं) टेबल पोस्ट्सच्या टेबलला जॉइन करून, म्हणजे जोडून, 'पुस्तक' आणि 'पब्लिश' एवढ्या दोन अटी घालून ग्रुप बाय (विषयवार गट) केलं की सगळ्या विषयांचे आकडे एकाच क्वेरीत हाती येतात. त्याला ते करून दाखवलं.

खरी गाठ पुढे होती. 'इतिहास'च्या पोटात 'शिवकाल' आणि 'पेशवाई'. यादीचं पान टॅक्स क्वेरीवर (विषयानुसार नोंदी शोधण्याच्या वर्डप्रेसच्या सोयीवर) चालतं आणि ती पोटविषय आपोआप धरते. आमचं ग्रुप बाय धरत नव्हतं. बेरीज करावी, तर दोन्हीकडे टाकलेलं पुस्तक दोनदा मोजलं जातं. वाचक तो आकडा वाचून दुकानापर्यंत येतो, त्यामुळे एका पुस्तकाचाही फरक मला नको होता. शेवटी मोजणी एसक्यूएलवर (डेटाबेसच्या भाषेवर) सोडलीच नाही. विषय आणि पुस्तकाचा आयडी अशा जोड्या एका क्वेरीत आणल्या, प्रत्येक आयडी त्याच्या विषयात आणि वरच्या सगळ्या विषयांत टाकला, दुहेरी आयडी गाळले, मग मोजले. निकाल ट्रान्झियंटमध्ये, म्हणजे वर्डप्रेसच्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवला. पुस्तकाचं स्टेटस किंवा विषय बदलला की तो पुसला जातो.

नवे आकडे लागल्यावर 'विज्ञानकथा'पुढे शून्य आलं. रिकामे विषय लपवण्याची सोय त्याच जुन्या रकान्यावर चालते, आणि तिथे परीक्षणं होती, म्हणून तो विषय मेनूत राहिला होता. मी तो काढायला निघाले, तर बाई म्हणाल्या, "वाचकांना नको दाखवूस, पण मला दिसू दे. पुढच्या वर्षी काय छापायचं ते बघता येईल." मग अ‍ॅडमिनमधल्या विषयांच्या यादीत पुस्तकांसाठी वेगळा रकाना काढून दिला.