भुरीला तिचं घर परत देताना

घराचं काम काढलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने दीड महिना सांगितला होता, लागले साडेतीन. तेवढे दिवस आई, मी आणि आमची मांजर भुरी डोंबिवलीला मावशीकडे राहिलो. भुरी नऊ वर्षांची, दादरच्या आमच्या दोन खोल्यांतच वाढलेली. "घरी गेली की लगेच रुळेल, तिचंच तर घर आहे," असं मावशी म्हणत होती आणि मलाही तसंच वाटत होतं.

मग एकदा किल्ली घेऊन काम बघायला गेले. नव्या लाद्या, नवा ओटा, सगळं छान दिसत होतं, पण वास नुसता रंगाचा, प्लायचा आणि फेविकॉलचा. तिथे उभी असतानाच माझ्या लक्षात आलं की हे भुरीचं घर राहिलेलंच नाही. मांजर घर ओळखतं ते वासावरून. दाराच्या चौकटीला, खुर्चीच्या पायाला ती गाल घासते तेव्हा स्वतःचा वास तिथे ठेवून जाते. नऊ वर्षांत तिने लावलेलं ते सगळं खरवडून डेब्रिजच्या गोण्यांतून गेलं होतं.

जायची तारीख आठ दिवस पुढे ढकलली. रोज ऑफिस सुटल्यावर जाऊन खिडक्या सताड उघडायच्या, पंखे लावायचे. भिंतींचा वास लवकर गेला, दारांना आणि ग्रिलला दिलेल्या ऑइल पेंटचा काही हलेना. सफाईला आलेल्या ताईंनी सवयीने फिनेलची बाटली काढली, ती मी परत पिशवीत ठेवायला लावली. फिनेलमधले फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि लादीवरचं फिनेल पंजाला लागलं की चाटून पोटात जाणारच. त्यांनी बिचाऱ्यांनी भांड्यांचा साबण थेंबभर टाकून तीनदा फरशी पुसली.

तरीही माझं मन मानेना. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक होतं, त्याला सुतळी बांधून ते मी ओट्याच्या ट्रॉलीखाली, कपाटामागे, बाल्कनीच्या कोपऱ्यात फिरवलं. अकरा स्क्रू, चार चुका आणि एक वाकडा खिळा निघाला. वायरींचे तुकडे आणि लादीच्या कपच्या चुंबकाला लागत नाहीत, त्या गुडघ्यावर बसून हाताने चाचपत उचलल्या. तेव्हाच ट्रॉलीच्या मागे भिंतीशी वीतभर फट दिसली. घाबरलेलं मांजर सर्वात आधी अशाच जागी घुसतं आणि तिथून त्याला काढायला ट्रॉली उचकटावी लागते. सुताराला बोलावून तिथे पट्टी ठोकून घेतली. रंगवाल्यांनी खिडकीची कबुतर जाळी एका बाजूने सोडलेली होती, तीही पक्की करून घेतली. आम्ही दुसऱ्या मजल्यावर आहोत, पण त्या उंचीवरूनही पडून मांजरांची हाडं मोडतात.

रविवारी सकाळी सहालाच निघालो. शिळफाट्याचा ट्रॅफिक एकदा सुरू झाला की दोन तास सांगता येत नाहीत. भुरीला रात्रीनंतर खायला दिलं नव्हतं. बास्केटमध्ये तिची न धुतलेली गोधडी आणि वरून माझी जुनी ओढणी. ऐरोलीच्या पुलापर्यंत ती सारखी ओरडत होती. मुलुंडनंतर गप्प झाली. ते गप्प होणं मला ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

आतल्या खोलीचं दार लावून तिला तिथेच सोडलं. पलंगाखाली गोधडी, एका कोपऱ्यात पाणी, लांबच्या कोपऱ्यात तिच्या शी-शूचा मातीचा ट्रे. मावशीकडच्या ट्रेमधली ओंजळभर वापरलेली माती मुद्दाम डब्यात घालून आणली होती, ती नव्या मातीत मिसळली. आईने नाक मुरडलं, पण संध्याकाळी भुरी त्याच ट्रेमध्ये गेली.

खाल्लं मात्र काहीच नाही. रविवार गेला, सोमवारची सकाळ झाली, वाटी तशीच. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "चोवीस तास झाले ना? अजून वाट पाहू नका. संध्याकाळपर्यंत खाल्लं नाही तर घेऊन या." मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. मांजर आपणहून खाईल म्हणून थांबणारी बरीच मंडळी मला भेटली आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे. आणि तुमच्याकडे बोका असेल तर त्याची लघवी होते आहे ना, तेही बघत राहा. ताणाने लघवी अडली तर काही तासांत दवाखाना गाठावा लागतो.

दुपारी आईने मांदेली आणली. नव्या ओट्यावरचा तो पहिला मासा. दोन मांदेल्या मीठ-हळद न लावता उकडल्या, काटे काढले आणि कोमट असतानाच बशी पलंगाच्या कडेशी सरकवली. मी लादीवर पालथी पडून बघत होते. आधी नाक, मग मिशा, मग अर्धं तोंड बाहेर आलं. बशी चाटूनपुसून रिकामी झाली, तेव्हा आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

मंगळवारी सगळं पुन्हा बिघडलं. मोरीच्या दाराची बिजागरी राहिली होती, म्हणून कॉन्ट्रॅक्टरचा माणूस न कळवता ड्रिल घेऊन आला. मी ऑफिसात होते आणि आईला "पाच मिनिटं" म्हणाला. भुरी पुन्हा दीड दिवस पलंगाखाली. मला खूप राग आला, आजही येतो. शेवटचा स्क्रू बसल्याशिवाय मांजराला घरात आणू नये, हे मला त्या दिवशी कळलं.

बुधवारी रात्री मऊ रुमालाने तिचे गाल हलकेच पुसले आणि तो रुमाल दाराच्या चौकटीला, सोफ्याच्या कोपऱ्यांना, तिच्या उंचीवर घासत गेले. शुक्रवारी खोलीचं दार उघडं ठेवलं. भिंतीला चिकटून, पोट जमिनीला लावत ती बाहेर आली. नवा सोफा तिने सोडून दिला, टीव्हीच्या कपाटाकडे पाहिलंही नाही. बाबांची लाकडी आरामखुर्ची आम्ही पॉलिश न करता तशीच ठेवली होती. त्या खुर्चीच्या मागच्या पायाशी भुरी थांबली, बराच वेळ हुंगत राहिली, आणि मग डावा गाल तिथे घासला. आधी हळू, मग जोरात, मग उजवा गाल.

स्वयंपाकघराचं दार आम्ही रविवारी उघडणार आहोत.