धुतल्यानंतर उरणारी खरखर

वापरलेली एलपी, म्हणजे ग्रामोफोनची मोठी रेकॉर्ड, घरी आली की ती लगेच लावून पाहण्याचा मोह मी आता कटाक्षाने आवरतो. जुन्या रेकॉर्डच्या खाचांमध्ये धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि पूर्वी कोणी तरी फिरवलेल्या कसल्याशा द्रवाचा वाळलेला थर साचलेला असतो, आणि सुई त्यावरून गेली की तो निघण्याऐवजी खाचेच्या भिंतींवर घासला जातो. साध्या शंकूच्या आकाराच्या सुईच्या टोकाची त्रिज्या सुमारे 18 मायक्रॉन असते. दीड-दोन ग्रॅमचा भार ऐकायला क्षुल्लक वाटला, तरी इतक्या बारीक टोकाखाली त्याचा दाब प्रचंड होतो. म्हणून आधी धुणे आणि मग ऐकणे, हा क्रम मी मोडत नाही. मात्र धुतल्यानंतरही जी खरखर उरते तिच्याविषयी मला अधिक सांगायचे आहे, कारण तिथे पोहोचल्यावर बरेच जण एक तर रेकॉर्ड बाजूला टाकतात, नाही तर तीच पुन्हा पुन्हा धूत राहतात.

खरखर हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात निरनिराळ्या कारणांचे निरनिराळे आवाज मिसळलेले असतात आणि ते कानाने वेगळे करता येतात. विखुरलेली, कोणताही ताल नसलेली चटचट बहुधा धुळीची किंवा स्थिर विजेची असते. रेकॉर्ड ज्या पीव्हीसीची बनते, ते स्थिर वीज सहज धरून ठेवते आणि हवा कोरडी असली की धूळ स्वतःहून ओढून घेते; त्यासाठी वाजवण्यापूर्वी कार्बनच्या तंतूंचा ब्रश हलक्या हाताने फिरवणे आणि कागदी आतल्या पाकिटाऐवजी पॉलिथिनचे पाकीट वापरणे, एवढ्याने बराच फरक पडतो.

ठरावीक अंतराने येणारी ‘टक्’ मात्र वेगळी. एलपी मिनिटाला 33⅓ फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला नेमके 1.8 सेकंद लागतात. तेवढ्या अंतराने टक् येत असेल, तर चरा अनेक खाचांना आडवा गेला आहे असे समजावे. 45 फेऱ्यांच्या रेकॉर्डवर हेच अंतर सुमारे 1.33 सेकंद होते. माझ्याकडच्या एका पियानोच्या एलपीवर अतिशय संथ जागी अशी टक् सलग सात-आठ फेरे येत असे आणि मी ती चरा म्हणून सोडून दिली होती. एकदा दिव्याच्या तिरप्या उजेडात, भिंगातून पाहिले, तेव्हा तिथे चरा नव्हताच. मोहरीच्या दाण्याहून लहान असा एक पिवळसर, चिकट ठिपका खाचांवर बसलेला होता. डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस त्यावर दहा मिनिटे ठेवला, मग खाचेच्या दिशेनेच, कधीही आडवे नाही, कापसाच्या काडीने तो हळूहळू सोडवला. चौथ्या खेपेला तो निघाला आणि त्या जागची शांतता मला प्रथमच ऐकू आली. खरा चरा असता तर तो कोणत्याही धुण्याने गेला नसता. पण चरा आहे की चिकटलेला कण, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नये, एवढे मी त्या दिवसापासून पाळतो.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा असतो. रेकॉर्ड आरशासारखी चकचकीत दिसते, पण वरच्या पट्टीतले आणि जोरकस स्वर फाटल्यासारखे येतात, विशेषतः बाजूच्या शेवटच्या गाण्यात. हा मळ नव्हे, ही झीज होय. बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 50 सेंटीमीटर वेगाने सरकते, तर लेबलजवळ हाच वेग 21 सेंटीमीटरपर्यंत उतरतो. त्यामुळे तिथले वळण दाट होते आणि बोथट सुईने केलेली हानीही तिथेच सर्वाधिक ऐकू येते. यावर धुणे व्यर्थ आहे, पण सुई बदलून पाहणे व्यर्थ नाही. लंबवर्तुळी किंवा शिबाता (अधिक बारीक कडांच्या) आकाराची सुई खाचेच्या भिंतीला जुन्या शंकूच्या सुईपेक्षा वेगळ्या ठिकाणी टेकते, आणि तो भाग अजून शाबूत असेल, तर गेलेली म्हणून ठेवून दिलेली रेकॉर्ड आश्चर्य वाटावे इतकी नितळ वाजते.

मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा आवाज नसलेल्या, रेकॉर्डच्या बाबतीत एक सोपा उपाय अनेकांच्या लक्षात येत नाही. मोनो खाचेत संगीत केवळ आडव्या हालचालीत कोरलेले असते, तर धूळ आणि ओरखडे सुईला वरखालीही हलवतात. स्टीरिओ कार्ट्रिज (सुई बसवलेला, तिच्या हालचालीचे विजेत रूपांतर करणारा भाग) ती वरखालीची हालचालही इमानाने उचलते. अँप्लिफायरवर मोनोचे बटण असेल तर ते दाबावे: डावा आणि उजवा आवाज एकत्र झाला की त्या दोन्हींत उलटसुलट उमटलेली वरखालीची हालचाल परस्परांना छेदून नाहीशी होते, संगीत तसेच राहते आणि खरखर लक्षणीय उतरते.

धुण्याविषयी थोडक्यात लिहितो. डिस्टिल्ड पाणी, त्यात पाणी पसरावे म्हणून फोटोग्राफीतल्या वेटिंग एजंटचे थेंब आणि हवे तर थोडेसे आयसोप्रोपिल अल्कोहोल. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुन्हा खळखळून धुणे. नळाच्या पाण्यातले क्षार वाळून खाचेतच बसतात; माझ्या सुरुवातीच्या काही रेकॉर्ड धुतल्यावर आधीपेक्षा जास्त चरचरू लागल्या त्या याच कारणाने. मळलेले पाणी रेकॉर्डवरच वाळू न देता उचलून घेणे महत्त्वाचे, आणि हवा ओढणाऱ्या रेकॉर्ड धुण्याच्या यंत्राचा खरा उपयोग तोच आहे. लाखेच्या, 78 फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल अजिबात लावू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, हे मला ठाऊक नव्हते तेव्हा मी एक तबकडी त्याच मिश्रणाने पुसली. कापड काळे झाले तेव्हा मला वाटले की मळ निघतो आहे, पण निघत होती ती तबकडीच. ती चूक आजही मला बोचते.

हल्ली प्रत्येक रेकॉर्डच्या पाकिटात मी एक चिठ्ठी ठेवतो. तिच्यावर धुतल्याची तारीख, लावलेली सुई आणि उरलेला आवाज कोणत्या बाजूला, कितव्या मिनिटाला व कशामुळे आहे, एवढे पेन्सिलीने लिहिलेले असते, म्हणजे चऱ्याची टक् ऐकून तीच रेकॉर्ड पुन्हा पाण्यात घालण्याची वेळ येत नाही. त्या पियानोच्या एलपीच्या चिठ्ठीवर ‘बाजू दुसरी, कण काढला’ असे लिहिले आहे.