काडेपेटी आणि शंभर पुशअप्स

आमच्या मित्रांच्या ग्रुपवर मार्चमध्ये चॅलेंज सुरू झालं, शंभर पुशअप्स कमीत कमी वेळात, मोबाईलवर टायमर लावायचा आणि स्क्रीनशॉट टाकायचा. माझा पहिला टाइम 4 मिनिटं 50 सेकंद. खरं सांगतो, दिवसभर हवेत होतो, ऑफिसमध्ये पण दोनतीन जणांना स्क्रीनशॉट दाखवला.

उन्हाळ्यात सोलापूरला व्यायाम करायचा म्हणजे सहाच्या आतच, नंतर गच्चीवर हात टेकवत नाहीत, म्हणून मी पार्कच्या ग्राउंडवर जायचो. तिथं एक वयस्कर काका रोज येतात, तालमीतले जुने. त्यांनी चारपाच दिवस नुसतं बघितलं आणि एकदा जवळ येऊन म्हणाले, "का बे, मान हलवलालास का जोर मारलालास?"

मी हसून टायमर दाखवला तर त्यांनी खिशातनं काडेपेटी काढली आणि माझ्या छातीखाली आडवी ठेवली. छाती पेटीला टेकली तर एक, नाहीतर मोजायचंच नाही, आणि पेटी चेंबली तर ते पण बाद कारण मग तू खाली येत नाहीस, पडतोस. 23 ला हात थरथरायला लागले, 31 ला कंबर खाली लोंबली, संपलं. म्हणजे रोजच्या शंभरातले बहुतेक अर्धेच होते, अर्धा रस्ता खाली जाऊन परत येत होतो, वेळ वाचणारच की. उजव्या खांद्यात पुढून चमक यायची ती पण का ते तेव्हा कळलं, घाईत कोपरं पार बाहेर फाकत होती.

पण काका स्पीडच्या विरोधात अजिबात नाहीत बरं का. बैठका ते स्वतः अशा भराभर मारतात की मोजताना माझीच तारांबळ, टाचा उचललेल्या, हातांचा झोका, श्वास त्याच तालात. फक्त प्रत्येक बैठक तेवढीच खोल, पहिली काय न पन्नासावी काय.

त्यांनी सांगितलेलं एक फार कामाला आलं, घाई करायची ती दोन सेटच्या मधे. आधी मी तीस एका दमात मारून मग दोन मिनिटं आडवा पडायचो. आता पहिल्यापासून पाचपाचचे सेट, मधे फक्त चार श्वास, आणि एखाददोन शिल्लक असतानाच थांबायचं, कारण एकदा हात पूर्ण संपले की पुढचं सगळं वाकडंच होतं. बाहेरची लोकं मर्फ करतात, म्हणजे 1 मैल धावणं, 100 पुलअप्स, 200 पुशअप्स, 300 स्क्वॉट्स आणि परत 1 मैल, त्यातपण बरेच जण मधलं सगळं 5-10-15 असं वीस फेऱ्यांत वाटून घेतात. तेच गणित.

आणि बर्पीचं, म्हणजे उभ्यानं खाली बसून पाय मागं फेकायचे, एक पुशअप मारायचा आणि उठून उडी मारायची, त्याचं वाचून तर हसूच आलं. 1930 च्या दशकात रॉयल बर्पी नावाच्या अमेरिकन माणसाने ती काढली फिटनेस तपासायला, चार मारायच्या आणि आधीची नंतरची नाडी मोजायची. त्यात पुशअप नव्हता, उडी पण नव्हती. चार! आणि आपण शंभर मारून गुडघे धरून बसतोय.

सध्या माझा टाइम 8 मिनिटं 35 सेकंद आहे, ग्रुपमध्ये शेवटून पहिला. एकाने परवा 3 मिनिटं 40 टाकला, मी म्हटलं मालक, बाजूनं काढलेला व्हिडिओ टाका की, तर ब्लू टिक आल्यात, रिप्लाय नाही. काडेपेटी मी काकांकडनं मागून घेतली. ती बायकोला ट्रॅक पँटच्या खिशात सापडली आणि काल रात्रभर घरात एकच विषय, कधीपासून ओढायला लागलास.